नवीन काय दिसलं

चिचटोल्याच्या शाळेत प्रयोगशाळा नावाची एक खोली होती, पण तिच्यात पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली असत. सूक्ष्मदर्शकाची काच कधीचीच फुटली होती. नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या भूमेश्वरी तुरकर मॅडमनी म्हणून व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. प्रयोगशाळा नसली तरी गावाभोवती धानाच्या बांध्या होत्या, सिंचनाचा नहर होता, तलाव होता. मुलांनी तिथलं काहीतरी पाहायचं, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. फोटोखाली लिहायचं : कुठे, केव्हा, काय दिसलं. शेवटी एक प्रश्न. मनाने काही जोडायचं नाही. कोणी काही ठोकून दिलं, की बाकीच्यांनी विचारायचं, पुरावा काय?

मुलांकडे स्वतःचे फोन नव्हते. बापाचा नाहीतर काकाचा फोन घेऊन ती फोटो टाकत. त्यामुळे ग्रुपात नंबर सगळे मोठ्यांचे होते. मुख्याध्यापक दुलीचंद कटरे यांना तेच खटकलं.

"मॅडम, पोरं शिकतील, त्यात काही वाद नाही," ते म्हणाले. "पण यात त्यांचे बाप पण हायत, काके पण हायत. त्याईचा पेपर कोण तपासणार?"

भूमेश्वरी हसली. बापांनीही चार गोष्टी वाचल्या तर बरंच होईल, असं तिला वाटत होतं.

आणि पहिल्या वर्षी तसंच झालं. धान कापणीच्या दिवसांत उमेंद्र बिसेनच्या पायाला बांधावर साप चावला. गोळा झालेले लोक म्हणाले, अजगराचं पिल्लू हाय, काही होत नाही, हळद लावा. उमेंद्रची मुलगी रिंकी नववीत होती. तिने बांधाच्या धुऱ्यावर मारून टाकलेल्या त्या सापाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके, असं खाली लिहिलं. भूमेश्वरी तेव्हा गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत, आपल्या घरी होती. फोटो पाहताच तिने फोन लावला. ही घोणस आहे, गावात जिला परड म्हणतात ती. आत्ताच्या आत्ता गाडी करा. उमेंद्र गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात बरेच दिवस राहिला आणि आपल्या पायांनी घरी आला.

त्यानंतर तो भेटेल त्याला सांगू लागला, "मले शाळेच्या ग्रुपानं वाचवलं. त्यात आलं म्हंजे खरं हाय बाप्पा."

मग ज्यांची मुलं शाळेत नव्हती तेही म्हणू लागले, मॅडम, आमाले पण घ्या. किराणा दुकानवाला आला, राईस मिलचा मालक आला, शेजारच्या टोल्या-वस्त्यांतली माणसं आली. भूमेश्वरीने सगळ्यांना घेतलं. केंद्रप्रमुखांनी बैठकीत तिचं नाव घेऊन कौतुक केलं, त्या दिवशी ती घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात हसत होती.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्याच्या शेवटी व्हॉट्सॲपवर हिंदीत एक आवाज फिरू लागला. "अपने बच्चों का ध्यान रखिए," असं त्यात एक बाप्या घाईघाईने सांगे. टोळी आली आहे, बायकाही आहेत, बेहोश करून पोरं नेतात. देवरीकडे कोणाला तरी पकडलं म्हणत. कोणाला, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळा सुरू झाली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत त्यावर हसणं झालं. पण शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी बाया उभ्या दिसू लागल्या. पूर्वी कोणी मुलांना न्यायला येत नसे. मैदानावर खेळणारी पोरं मधूनच थांबत आणि सडकेकडे पाहत.

दहावीच्या वर्गाला भूमेश्वरीने त्या आठवड्यात नवा अभ्यास दिला. नवीन काय दिसलं. सुट्टीनंतर आपल्या गावात जे पहिल्यांदा दिसलं ते टाकायचं. एकाने वारुळावर उगवलेल्या सात्या, म्हणजे अळिंब्या, टाकल्या. एकीने नहराकाठचा अनोळखी पक्षी टाकला. मग रिंकीचा फोटो आला.

कुठे : शाळेच्या भिंतीजवळ, चिचेखाली. केव्हा : दुपारच्या सुट्टीत. काय दिसलं : दोन बाया, एक म्हातारी, एक तरुण. एक गाठोडं. तरुण बाईच्या मांडीवर बाळ, बाळ खूप झोपलेलं. प्रश्न : ह्या कोण?

भूमेश्वरीला फोटो आवडला. नीट टिपलेला होता, आणि मनाचं काही जोडलेलं नव्हतं. फिरस्त्या लोकांवर एक तास घेता येईल, असं तिच्या डोक्यात आलं. तिने लिहिलं, "छान निरीक्षण, रिंकी. आणखी कोणाला दिसल्या का? सगळ्यांनी लक्ष ठेवा."

त्या शब्दांखाली अंगठ्यांची रांग लागली. मुलांची होती की बापांची, ते कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेला निघत असताना तिचा नवरा हुकुमचंद फोन घेऊन समोर आला. "हे पाहिलं का? तुमच्याच भागातलं दिसते."

मुर्रीच्या कुठल्याशा ग्रुपवर तोच फोटो होता. चिचेचं झाड, गाठोडं, मागे शाळेच्या भिंतीवरची निळी अक्षरं. वर हिंदीत लिहिलं होतं, गोरेगाव तहसील में घूम रही बच्चा चोर गैंग, बेहोश बच्चे के साथ. खाली तोच घाईघाईचा आवाज चिकटवला होता.

रिंकीने लिहिलं होतं, बाळ खूप झोपलेलं. भूमेश्वरी तो 'बेहोश' शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिली.  उभ्याउभ्याच तिने उमेंद्रला फोन लावला.

"उमेंद्रभाऊ, रिंकीचा फोटो तुम्ही कोणाला पाठवला?"

"साळ्याले पाठवला जी, मुर्रीले. काऊन?"

"त्यावर काय काय लिहून आलं आहे, पाहिलं का?"

"पाहिलं ना. आमी नाही लिहिलं ते. पण फोटो तं खरा हाय, मॅडम. आमच्याच पोरीनं काढला."

तिने ग्रुपवर सविस्तर लिहिलं. हा फोटो आपल्या अभ्यासाचा आहे, वरचा मजकूर खोटा आहे, कोणीही पुढे पाठवू नये. संदेश वाचलेल्यांच्या यादीत नंबर भराभर वाढत गेले. थोड्या वेळाने एका बापाचं उत्तर आलं, "मग त्या कोण आहेत मॅडम? नाव सांगा."

तिला नाव माहीत नव्हतं.

मग दहावीतल्या एका मुलाने लिहिलं. अभ्यासू मुलगा होता, त्यात चेष्टा नव्हती. "मॅडम, बाळ त्यांचंच आहे याचा पुरावा काय?"

ती शाळेत पोचली तेव्हा चिचेखाली कोणी नव्हतं. वर्गात अर्धे बाक रिकामे होते. गोरेगावच्या बाजाराचा दिवस, त्यामुळे मुलं गेली असतील असं तिने स्वतःला सांगितलं. फळ्यावर तारीख लिहिते न लिहिते तोच पर्समधला फोन थरथरला. पुन्हा थरथरला. मग तो थांबेचना.

कुठे : नहराचा पूल. केव्हा : आता. काय दिसलं : म्हातारी पुढे चालत आहे.

कुठे : पुलाच्या पलीकडे. केव्हा : आता. काय दिसलं : म्हातारी मागे वळून पाहत आहे.

काय दिसलं : दोघी जोरात चालत आहेत. प्रश्न : घाबरल्या का?

काय दिसलं : सडक सोडून बांध्यांतून जात आहेत. प्रश्न : सडक का सोडली?

मुलं सायकलींवर त्यांच्या मागे होती. प्रत्येक फोटो तिने शिकवला तसाच होता. माणूस मधोमध, हात न हलता. फक्त दर फोटोत त्या बाया मोठ्या होत होत्या, म्हणजे काढणारा जवळ जात होता. एका फोटोच्या कडेला मोटरसायकलचं चाक दिसलं. पुढच्यात तीन-चार मोटरसायकली होत्या.

ती मुख्याध्यापकांच्या खोलीत धावली. दुलीचंद सरांनी फोन पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"ग्रुप बंद करा, मॅडम."

"बंद केला तर त्या कुठे आहेत ते आपल्यालाच कळणार नाही."

"बाकीच्यांनाही कळणार नाही ना."

"बाकीचे आता त्यांच्याजवळच आहेत, सर. दूर फक्त आपण आहोत."

सरांनी ठाण्यात फोन लावला. गाडी बंदोबस्ताला गेली आहे, आली की पाठवतो, असं तिकडून सांगितलं. मग दोघं सरांच्या मोटरसायकलवर निघाले. भूमेश्वरी मागे बसून फोनमध्ये पाहून रस्ता सांगत होती. डावीकडे. नहराच्या पाळीने. आता मिलकडे. ज्या फोटोंनी ती वाट शोधत होती, त्याच फोटोंनी आणखीही माणसं वाट शोधत होती. आजूबाजूच्या टोल्यांतून निघून सगळे एकाच दिशेने चालले होते. धानाच्या कोवळ्या पऱ्ह्यांना पाणी धरणारे हातात फावडं घेऊन तसेच निघाले होते. कोणी ओरडत नव्हतं. एकाने सरांना पाहून नमस्कारही केला.

राईस मिल बंद होती. समोरच्या पटांगणात गर्दी होती आणि त्या गर्दीत भूमेश्वरीला एकही अनोळखी तोंड दिसलं नाही. पालकसभेला येणारी, मुलांच्या प्रगतीबद्दल हात जोडून विचारणारी ती माणसं. मिलच्या बाजूला कोंडा साठवायची खोली होती. तिच्या पत्र्याच्या दारापुढे उमेंद्र काठी घेऊन उभा होता. दाराखालच्या मातीवर ओले लाल थेंब होते.

"उमेंद्रभाऊ, दार उघडा."

"मॅडम, तुमी कायले आल्या इथं? पोलीस येऊन राहिले. तवरिक त्याईले आत ठेवलं."

"कोणी मारलं?"

"मी नाही मारलं," तो म्हणाला. त्याने बाकी कोणाकडे बोट केलं नाही. "मी नसतो तं आतापर्यंत संपल्या असत्या."

"आत बाळ आहे."

"बाळ काढून घेतलं आमी."

तेव्हा तिला रडणं ऐकू आलं. गावातली एक बाई बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. मग दुसरीने घेतलं. बाळ हातोहाती फिरत होतं आणि प्रत्येक हातावर आवाज चढत होता. एकजण त्याच्या तोंडाजवळ फोन नेऊन फोटो काढत होता.

"त्याला आईजवळ द्या. भूक लागली आहे त्याला."

"आई कोण हाय, तेच तं पाहून राहिलो."

"मग त्याच्या तोंडात तिचं दूध द्या आणि पाहा."

"भुकेलं लेकरू कोनाचंही दूध पिते, मॅडम," मागून एका बाईने म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. दोन-चार माना हलल्या.

गर्दीच्या मध्ये गाठोडं सोडून पसरलं होतं. लुगडी, भात शिजवायचा ॲल्युमिनियमचा गंज, एक काळ्या द्रवाची बाटली, आणि दोऱ्याने जुड्या बांधलेल्या बारीक सुया. सुयांना कोणी हात लावत नव्हतं. याच टोचून बेहोश करतात, असं कोणीतरी म्हटलं आणि मग सगळे तेच म्हणू लागले. बांधकामासाठी आणलेल्या गिट्टीच्या ढिगाकडे पोरं सरकली. कोणी पोलिसांचं नाव काढलं, तर पाठीमागून आवाज आला, पोलीस सोडून देतात.

  बाळ ज्या बाईच्या खांद्यावर होतं तिच्याकडून भूमेश्वरीने ते घेतलं. बाईने सोडलंही. कदाचित ती रडण्याला कंटाळली होती. मग भूमेश्वरी उमेंद्रपुढे उभी राहिली.

"मला आत जाऊ द्या आणि कडी लावा."

"मॅडम, असं करू नका."

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा रिंकीला मी माझ्या घरी ठेवलं होतं. मला आत जाऊ द्या."

उमेंद्र तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने पाठीमागे हात नेऊन कडी काढली. ती आत शिरली आणि दार लागलं. दुलीचंद सर बाहेर दाराला पाठ लावून खाली बसले, हे तिला नंतर कळलं.

खोलीत कोंड्याची धूळ होती आणि पत्र्याच्या फटीतून येणारा उजेड. तरुण बाईने काही न बोलता बाळ ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून त्याला पदराखाली घेतलं. रडणं थांबलं. म्हातारी कोपऱ्यात होती. तिच्या एका डोळ्यावर सूज चढली होती आणि उजवा हात तिने डाव्या हाताने असा धरला होता, जसा तो दुसऱ्या कोणाचा असावा. बोटं वाकडी झाली होती.

"हमन चोर नो हन, दाई," म्हातारी म्हणाली. "गोदना गोदथन. लइका हमरेच आय."

भूमेश्वरीला ती छत्तीसगढी बोली कळत होती : चोर नाही, गोंदणाऱ्या आहोत, लेकरू आमचंच आहे. म्हातारीचं नाव रुख्मा, सुनेचं नंदा. पूर्वी दर उन्हाळ्यात त्या सरहद्दीपलीकडून येत आणि गावोगाव गोंदत फिरत. यंदा नंदाच्या बाळंतपणामुळे निघायला उशीर झाला. तशीही आता पोरी गोंदून घेत नाहीत, रुख्मा म्हणाली. म्हणूनच बरीच वर्षं त्या चिचटोल्यात आल्या नव्हत्या.

फोन थरथरला. बाहेरून कोणीतरी टाकलं होतं. कुठे : मिलसमोर. काय दिसलं : सुया आणि काळं औषध.

तिने घाईने लिहिलं. या गोदनावाल्या आहेत. सुया गोंदायच्या आहेत, बाटलीत काजळी आहे. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. सून आणि सासू आहेत. नावं नंदा आणि रुख्मा. बाळ त्यांचंच आहे.

वाचलेल्यांच्या यादीत पुन्हा नंबर वाढू लागले. दाराच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर उभी असलेली माणसं ते वाचत होती. थोडा वेळ बाहेर काहीच आवाज आला नाही. तिला वाटलं, झालं.

मग पत्र्यावर पहिला दगड बसला.

त्यानंतर ते थांबेनात. खोलीभर तो आवाज असा घुमत होता की बाळ दूध सोडून किंचाळू लागलं. रुख्माने शाबूत हाताने सुनेचं डोकं स्वतःच्या पोटाशी दाबलं. बाहेर दुलीचंद सरांचा आवाज ऐकू येत होता. ते एकेकाचं नाव घेऊन ओरडत होते, वर्गात हजेरी घेतात तसं. मग तो आवाज बंद पडला. उमेंद्र कोणाला तरी शिव्या देत होता. दार हादरत होतं, पण कडी बाहेरून होती आणि कोणी काढत नव्हतं.

पोलिसांची गाडी आली तेव्हा उजेड तिरपा झाला होता. दार उघडलं, तर पटांगण जवळजवळ रिकामं होतं. उंबऱ्याशी दुलीचंद सर कपाळाला रुमाल दाबून बसले होते. सदऱ्याचा खांदा रक्ताने भिजला होता. त्यांच्या बाजूला उमेंद्र काठी घेऊन अजून उभा होता. पोलिसांनी पहिल्यांदा त्यालाच धरलं.

रुख्मा वाचली. गोंदियाच्या दवाखान्यात तिचा डोळाही वाचला, पण बोटं सरळ झाली नाहीत. डॉक्टर म्हणाले, या हाताने बारीक काम होणार नाही. तिचे नातेवाईक आले आणि बाळासकट दोघींना घेऊन गेले. भूमेश्वरी भेटायला गेली तेव्हा नंदाने तोंड फिरवलं. रुख्मा मात्र बोलली. तिला एवढंच विचारायचं होतं, ती झाडाखाली आलेली पोरगी कोण होती?

ग्रुप काढणारी म्हणून भूमेश्वरीला ठाण्यात बोलावलं. तिने सगळे फोटो दाखवले. लक्ष ठेवा, हे मी लिहिलं, असंही सांगितलं. ठाणेदार म्हणाले, तो काही गुन्हा नाही. तिला त्याने बरं वाटलं नाही. गावातली बरीच माणसं आत गेली, उमेंद्रही गेला. दगड मारणारे कोण होते ते त्याने अजून सांगितलं नव्हतं. फोन पोलिसांनी जमा केले. तिने ग्रुप मोडला.

रिंकी शाळेत येईना. दोन आठवडे वाट पाहून भूमेश्वरी स्कुटीवर तिच्या घरी गेली. घराला कुलूप होतं. शेजारणीने बांधीकडे हात दाखवला आणि लगेच आत जाऊन दार लावून घेतलं.

बिसेनांच्या बांधीत रोवणी चालली होती. बाप आत असल्यामुळे मायलेकीच लागल्या होत्या. आईने मॅडमना पाहिलं आणि पाठ करून पऱ्ह्यांच्या पेंढ्या उचलायला गेली. रिंकी गुडघाभर चिखलातून धुऱ्याजवळ आली.

"मॅडम, मी जे दिसलं तेच लिहिलं होतं."

"हो."

"मग चुकलं कुठं?"

"तू विचारलं होतंस, ह्या कोण. ते त्यांनाच विचारायला पाहिजे होतं. मी तुला ते शिकवलं नाही."

रिंकी हाताला लागलेला चिखल बोटांनी काढत राहिली. "मी गेली होती विचारायले," ती हळूच म्हणाली. "थे म्हातारी माझ्याकडं पाहून हसली. ये बाई म्हणे, हात दाखव. मले भेव लागलं. मी फोटो काढला अन् पळाली."

 भूमेश्वरी म्हणाली, "सोमवारपासून शाळेत ये. तुझं दहावीचं वर्ष आहे."

"आई नाही येऊ देणार." रिंकीने पलीकडच्या सडकेकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "मॅडम, आता दुसरा ग्रुप हाय. बाबाच्या काकानं काढला. पूर्ण गाव हाय त्यात. तुमचंच नाव नाही."

"त्यात काय टाकतात?"

"कोण आलं, कोण गेलं. कोण पोलिसाशी बोलून राहिलं." ती थांबली. "तुमी जा, मॅडम. तुमी इथं आल्या ते बी टाकून राहिले असन."

भूमेश्वरीने मान वळवली. सडकेवर तिच्या स्कुटीजवळ एक माणूस उभा होता. गमछा डोक्याला गुंडाळलेला, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. त्याने फोन दोन्ही हातांनी छातीसमोर धरला होता.

ती धुऱ्यावरून चालत सडकेपर्यंत गेली. तो बाजूला झाला नाही. तिने स्कुटी सुरू केली, वळवली आणि त्याच्या अगदी जवळून पुढे काढली. तेव्हाही त्याने हात खाली घेतले नाहीत.